न उडणाऱ्या बंदुकीचा धाक

जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही पाड्यावर जा. वारली असो, कोकणा असो, कातकरी, ठाकूर की कोळी, कुणाच्याही घरात डोकावून पहा. कुडाच्या भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड दिसेल, कोयता दिसेल, विळा दिसेल. कोयत्याची मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली असते. कुऱ्हाडीचा दांडा दोन-तीनदा बदललेला असतो. विळ्याची धार लावून लावून पाते अर्धे झालेले असते. ज्या वस्तूने पोट भरते ती वस्तू झिजते, हा श्रमाचा साधा नियम आहे.

आता बंदुकीच्या दुकानात विकायला आलेली जुनी दुनळी किंवा रिव्हॉल्व्हर पहा. मालक वीस-पंचवीस वर्षे ती बाळगून असतो आणि तरीही पुष्कळदा ती नव्यासारखी असते. नळी स्वच्छ, घोडा घट्ट, लाकडावर साधा ओरखडा नाही. विकणारा अभिमानाने सांगतो, "साहेब, दहा बार तरी निघाले असतील की नाही शंका आहे." ट्रॅक्टर न वापरता विकला तर लोक वेड्यात काढतील. शिवणयंत्र न चालवता विकले तर बाया हसतील. बंदुकीच्या बाबतीत मात्र न वापरणे हाच तिचा गुण ठरतो. हे कोडे काय आहे? लाखभर रुपये मोजून, पोलिस ठाण्याचे आणि कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवून माणूस जी वस्तू मिळवतो, ती वापरतच नसेल तर घेतो तरी कशाला?

हा प्रश्न शौकिनांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. शस्त्र कुणाच्या हाती असावे आणि कुणाच्या नसावे, यावरच या देशातील वर्णव्यवस्था उभी राहिली. म्हणून भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचा हिशेब फुले-आंबेडकरी चळवळीने मागितलाच पाहिजे.

आधी साधी कारणे पाहू. बंदूक उडवायची म्हटले तर उडवायची कुठे? पूर्वी शिकारीचा छंद होता. संस्थानिक, गोरे साहेब, जंगलाचे ठेकेदार आणि त्यांचे पाहुणे रान उठवून शिकार करीत. रान उठवायला, डबे बडवायला आदिवासी. बार काढायला साहेब! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो छंद बंद केला. पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तरी आता वनखात्याची परवानगी लागते. नेमबाजीचा सराव करायचा तर मैदान मुंबई-पुण्याकडे. वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. पण मोखाड्याच्या खोडाळ्यातून तिथे सरावाला कोण जाणार? लग्नाच्या वरातीत किंवा निवडणुकीच्या मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांना २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. काडतुसेही मोजून मिळतात. एका वेळी किती, वर्षभरात किती, हे परवान्यावरच लिहिलेले असते. आणि स्वसंरक्षणासाठी खरोखरच गोळी झाडली, तर ती का झाडली, दुसरा मार्ग नव्हता का, याचा जाब पोलिसांना आणि कोर्टाला द्यावा लागतो. म्हणून शहाणा परवानेदार बंदुकीला तेल लावतो आणि कुलूप लावतो.

निवडणूक जाहीर झाली की हत्यारे जमा करण्याचे आदेश निघतात. जिल्ह्याची छाननी समिती कुणाचे हत्यार जमा करून घ्यायचे ते ठरवते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपरिषद अशा निवडणुका येत राहतात. अशी एखादी बंदूक आयुष्यात रानात जाते त्यापेक्षा जास्त वेळा पोलिस ठाण्यात जाते!

मग ती विकली का जाते? त्याचीही कारणे कायद्यात आहेत. मालक वारला की ते हत्यार घरच्यांनी परवान्याशिवाय ठेवणे गुन्हा होतो. ते पोलिसांकडे किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर, किंवा मालक सत्तर वर्षांचा झाला की, किंवा पंचवीस वर्षे हत्यार बाळगून झाली की वारसाला परवाना मागता येतो. पण मुलगा ठाण्याला किंवा नाशिकला नोकरीला असतो. त्याला प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी, नूतनीकरण हे लचांड नको असते. बाप गेला की बंदूक विक्रेत्याच्या कपाटात जाते. दुसऱ्या खाजगी माणसाला परस्पर विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरवले. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना तिसरी वर्षभरात जमा करावी लागली. शिवाय १९८० च्या दशकापासून खाजगी आयात बंद झाल्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव सोन्यासारखे चढले. काही जण बंदूक घेतात ते गोळी झाडण्यासाठी नव्हे, तर पुढे चढ्या भावाने विकण्यासाठी. अशा मालाची एक गोळी झाडली तरी किंमत उतरेल या भीतीने तो हातही लावत नाही.

ही झाली न उडण्याची आणि विकण्याची कारणे. पण मूळ प्रश्न उरतोच. हे सगळे आधीच ठाऊक असताना माणूस बंदूक घेतो कशासाठी?

याचे उत्तर जव्हारच्या इतिहासातच मिळते. जव्हार हे मुकणे घराण्याचे, महादेव कोळी राजांचे संस्थान. चौदाव्या शतकापासून १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते टिकले. इंग्रजांच्या दरबारात जव्हारच्या राजाला नऊ तोफांची सलामी होती. कोल्हापूरला एकोणीस, बडोद्याला एकवीस, जव्हारला नऊ. या तोफा कुठल्या शत्रूवर डागल्या जात नव्हत्या. त्या फक्त मोजल्या जात होत्या! कोण किती मोठा, हे तोफांच्या आवाजावरून ठरत होते. म्हणजे शस्त्राचे खरे काम मारणे नसून उतरंड दाखवणे हे होते. वरच्याला एकवीस, खालच्याला नऊ, आणि त्याच्याही खाली ज्यांना शून्य ती सारी रयत. चढत्या भाजणीने आदर आणि उतरत्या भाजणीने तुच्छता, ही बाबासाहेबांनी सांगितलेली जातिव्यवस्थेची रीत इंग्रजांनी तोफांच्या हिशेबातही पाळली असेच म्हणावे लागेल.

संस्थाने गेली, सलाम्या गेल्या. पण ती रीत गेली नाही. तोफेची जागा दुनळीने घेतली, दुनळीची जागा कमरेच्या रिव्हॉल्व्हरने घेतली. गावचा पुढारी गाडीतून उतरताना सदरा मुद्दाम वर सरकतो आणि चामड्याचे म्यान दिसते. लग्नाच्या मांडवात, पंचायतीच्या बैठकीत, जमिनीच्या मोजणीवर ते म्यान दिसले की पुरे. गोळी झाडण्याची गरज काय? ती बंदूक रोज वापरली जाते, फक्त घोडा न ओढता! विकताना ती नव्यासारखी दिसते, कारण तिचे काम नळीने केलेलेच नसते. तिचे काम समोरच्याच्या डोळ्यांनी केलेले असते.

आम्हाला इथे जव्हार-मोखाड्याच्या शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागाची आठवण करून द्यावीशी वाटते. तिथला वारली पिढ्यान्पिढ्या वेठबिगार होता. लग्नासाठी जमीनदाराकडून चार पैसे उचलले की नवराबायको दोघेही त्याच्या घरचे गडी होत. त्यालाच लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली हा वारली जागा झाला. वेठ नाकारू लागला, मजुरीचा दर मागू लागला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी ठार झाले. त्यात जेठ्या गांगड होता.

वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वारली मुकाट्याने वेठ करीत होता तोवर बंदुकीची गरज पडली नाही. जमीनदाराचा शब्द, चाबूक आणि दाराशी दिसणारे हत्यार एवढ्यावर भागत होते. ज्या दिवशी वारली भ्यायचा थांबला त्या दिवशी बार निघाला, आणि तोही जमीनदाराच्या बंदुकीतून नव्हे, सरकारच्या बंदुकीतून. मालकाची बंदूक स्वच्छ राहिली! म्हणून न उडालेली बंदूक निरपराध आहे असे जे समजतात ते भोळे आहेत. ती उडाली नाही याचा एक अर्थ असा की समोरचा माणूस अजून पुरता दबलेला आहे.

आणि माणसे मरायला गोळीच लागते असेही नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. तिथे एकही बार निघाला नव्हता. ज्यांच्या हाती जमीन, जंगल, धान्याचे दुकान आणि कचेरी असते त्यांना बंदूक चालवावी लागत नाही. बंदूक ही त्या सत्तेवर लावलेली फक्त एक मोहोर असते.

ही मोहोर कुणाला मिळावी याचा कायदा पूर्वी मनूने केला. शूद्रातिशूद्रांच्या हाती ना शस्त्र, ना ज्ञान, ना धन. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले. इतर देशांत दडपलेल्या लोकांनी बंड केले, भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही? कारण चातुर्वर्ण्याने बहुजनांना नि:शस्त्रही केले आणि अशिक्षितही ठेवले, असे त्यांचे निदान होते. पुढे इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने साऱ्या देशाला नि:शस्त्र केले. गोऱ्यांना मात्र सूट होती. एकट्या इंग्रजाला दोष देऊन चालणार नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या रणात ज्या महार सैनिकांनी पराक्रम गाजवला, त्यांच्याच वंशजांना १८९२ च्या सुमारास सैन्याची दारे बंद झाली. 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' अशी विभागणी इंग्रजांनी केली, पण तिचा साचा इथलाच होता. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. अखेर १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तो कलंक पुसला गेला. हा लढा बंदुकीच्या हौसेसाठी नव्हता. सैन्यातील नोकरीबरोबर शाळा येत होती, पेन्शन येत होती, माणूस म्हणून ताठ चालण्याचा हक्क येत होता.

जन्मावरून शस्त्र देण्याची ही रीत स्वतंत्र भारतात संपली का? पूर्णपणे नाही. कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षे, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. आमचे कोडवांशी भांडण नाही. पण कोरेगावचा स्तंभ ज्यांचा, त्यांना अशी सूट कुणी कधी देऊ केली होती काय? आणि ज्याचे सारे जगणे रानात गेले त्या कातकऱ्याला?

इथे एक प्रश्न तरुण वाचक हमखास विचारतील. मग आपणही बंदुका घ्यायच्या का? याचे उत्तर आमच्या मनाने देण्यापेक्षा बाबासाहेबांकडेच जाऊ. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क करावा अशी दुरुस्ती मांडली. काँग्रेसने १९३१ साली कराचीच्या ठरावात ही मागणी केलेली होती. बाबासाहेबांनी दुरुस्तीला विरोध केला. परकीय सरकारने लोकांना नि:शस्त्र केले होते तेव्हा ती मागणी समजण्यासारखी होती. पण ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअटकाव घेता येऊ लागले तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

१९३६ आणि १९४८, या दोन भूमिकांत विसंगती शोधणाऱ्यांनी शांतपणे विचार करावा. बाबासाहेबांचा रोख एकाच गोष्टीवर होता. शस्त्र जन्माने मिळू नये आणि पैशानेही मिळू नये. ते कायद्याच्या ताब्यात असावे आणि तो कायदा सर्वांना सारखा असावा. खुल्या बाजारात बंदुका आल्या असत्या तर त्या पहिल्यांदा कुणी घेतल्या असत्या? मोखाड्याच्या भूमिहीनाने की त्याला उचल देणाऱ्या मालकाने? हत्यार ज्याला परवडते त्याच्याच हाती गेले असते. बाबासाहेबांना ही व्यवस्था आतून ठाऊक होती.

मग १९५९ च्या शस्त्र कायद्याने न्याय केला का? कागदावर पाहिले तर त्यात गरीब शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. कलम १३ सांगते की पिकाच्या रक्षणासाठी खरोखर लागणारी ठासणीची बंदूक असेल तर परवाना दिला पाहिजे. डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या, रात्र-रात्र माळ्यावर बसून रानडुकरे हाकलणाऱ्या माणसासाठी हे कलम आहे. पण पीकरक्षण म्हटले की पीक कुणाच्या जमिनीवर आहे हे आधी कागदावर सिद्ध व्हावे लागते. ज्याचा वनपट्टा मंजूर व्हायचा आहे, ज्याच्या सात-बाऱ्यावर नाव नाही, त्याने परवाना कशाच्या आधारावर मागायचा? २००६ साली वनहक्क कायदा झाला, त्याचे दावे कचेऱ्यांत पडून राहिले की पीकरक्षणाचा हक्कही त्यांच्याबरोबर पडून राहतो. मग कुणी जुनी ठासणी परवान्याशिवाय घरात ठेवतो आणि पकडला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधी बंदूक बाळगली तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. म्हणजे गंमत पहा! जी बंदूक खरोखर उडते, पिकासाठी उडते, ती बेकायदा. आणि जी कधीच उडत नाही, केवळ धाक दाखवते, ती कायदेशीर!

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या देशात एक नियम असा आहे की ज्यात भिंतीवरच्या बंदुकीचे खरे स्वरूप सरकारने स्वतः कबूल केले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातील नियम ३ वाचा. जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग सरकारने निश्चित करायचा. त्या भागात आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि घरोब्याच्या मित्रांचेही शस्त्र परवाने रद्द करायचे आणि हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारे जप्त करायची. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यायचे.

नोकर आणि मित्रसुद्धा नियमात का घातले? कारण नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की धाक एकट्या मालकाच्या हातातल्या बंदुकीचा नसतो, तो तिच्याभोवतीच्या सगळ्या गोतावळ्याचा असतो. गोळी झाडली जाण्याची वाट न पाहता, आधीच बंदूक काढून घ्या असे हा नियम सांगतो. न उडालेली बंदूकही अत्याचाराचे साधन असू शकते, हे त्यात मान्य केलेले आहे. पण सगळी मेख 'आवश्यक वाटल्यास' या शब्दांत आहे. आवश्यक कुणाला वाटायचे? ज्या साहेबाच्या टेबलावर परवान्याचा अर्ज घेऊन गावचा पुढारी खुर्चीत बसलेला असतो त्याला?

बिहारमध्ये १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना गोळ्या घालून ठार केले. बायका आणि लेकरेही सोडली नाहीत. त्या भागात जमीनदारांकडे बंदुका आहेत हे साऱ्यांना माहीत होते. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या २६ जणांना निर्दोष सोडले. आणि आपल्या महाराष्ट्रात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तिला बंदूक लागलीच नाही. गाव एकवटले की काठ्या-कुऱ्हाडीच पुरतात. या दोन्ही घटना एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत. हत्यार बदलते, हिंमत तीच असते. आणि ती हिंमत येते ती शिक्षा होणार नाही या खात्रीतून. बंदूक ही त्या खात्रीची सरकारी पावती आहे. म्हणून पावती रद्द करणे महत्त्वाचे आहे.

आता थोडे घरातले बोलू. गेल्या काही वर्षांत आपल्याही समाजातील काही नवश्रीमंतांना, ठेकेदारांना, पुढाऱ्यांना कमरेला रिव्हॉल्व्हर लावण्याची हौस आली आहे. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, जो अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार आहे, त्याने परवाना जरूर मागावा. तो त्याचा हक्क आहे आणि चळवळीने त्याच्या पाठीशी उभे राहावे. सैन्यातून निवृत्त झालेले आपले बांधव बारा बोअरची बंदूक खांद्याला लावून बँकेच्या दारात उभे राहतात. त्यांचीही बंदूक सहसा उडत नाही, पण ती त्यांची भाकरी आहे. तिच्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे आहे ते मिरवण्याच्या बंदुकीबद्दल. काल ज्याच्या म्यानाकडे पाहून आपला बाप रस्ता सोडून उभा राहत होता, आज तेच म्यान आपण लावून आपल्याच भावाला रस्ता सोडायला लावणार असू, तर बदलले काय?

थोडा हिशेब करू. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत १ लाख २२ हजार रुपयांवर. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. म्हणजे जव्हारच्या एखाद्या मजूर बाईला ते रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर ७५० हून जास्त दिवस माती उचलावी लागली असती. केंद्राची हमी तेव्हा वर्षाला घरटी १०० दिवसांची. साडेसात वर्षे काही न खाता-पिता काम केले तर एक 'निर्भीक'! दिवाळी सरली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर पोरेबाळे घेऊन जाणाऱ्या त्या बाईला संरक्षण हवे आहे हे खरेच. पण ते संरक्षण मजुरीची नोंद, मुलाची शाळा, रात्री तक्रार घेणारे पोलिस ठाणे आणि तिच्या बाजूने उभी राहणारी संघटना यांतून येईल. ज्या राज्याला हे देता येत नाही ते तिला रिव्हॉल्व्हरचा भाव सांगते.

बंदूक दाखवण्याचे राजकारण किती दूर जाते याचा धडा अमेरिकेतही आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्सचे काळे तरुण कायद्यानेच मिळालेल्या हक्काप्रमाणे उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले. गोरे फिरत होते तोवर कुणाला भीती वाटली नव्हती. काळे फिरू लागताच त्याच वर्षी कायदा बदलला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. म्हणजे तिथेही प्रश्न बंदुकीचा नव्हता, ती कुणाच्या हातात दिसते याचा होता. त्याच पँथर्सचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांच्या हातात काय होते? लेखणी होती, मोर्चा होता, भिंतीवरची पत्रके होती. पण सरकार आणि सवर्ण दोघेही हादरले. ते शब्द रोज वापरले गेले, म्हणून झिजले नाहीत, धारदार झाले.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. जव्हार आणि मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतील तालुके आहेत. इथे दहातली नऊ माणसे आदिवासी आहेत. २०१४ साली पालघर जिल्हा झाला तेव्हा सरकार आदिवासींच्या दारी आले असे सांगितले गेले. तर मग त्या दारी बसून आदिवासी, बौद्ध आणि इतर बहुजन कार्यकर्त्यांनी एकत्रितपणे माहितीच्या अधिकारात साधे चार प्रश्न विचारावेत. या दोन तालुक्यांत शस्त्र परवाने किती? त्यांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांकडे किती? पीकरक्षणासाठी किती अर्ज आले आणि किती नाकारले? आणि १९९५ च्या नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द झाले, किती दिले गेले? कुणाचे नाव-पत्ता आम्हाला नको. फक्त आकडे हवेत. आकडे आले की बंदूक भिंतीवर का टांगली आहे ते आपोआप दिसेल.

हेच प्रश्न जिल्हा दक्षता समितीपुढेही गेले पाहिजेत. नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती तीन महिन्यांतून किमान एकदा भरली पाहिजे. तिच्या विषयपत्रिकेवर अत्याचाराच्या गुन्ह्यातील आरोपीच्या आणि त्याच्या गोतावळ्याच्या शस्त्र परवान्यांचा आढावा हा कायमचा विषय असावा. गुन्हा दाखल झाला की आरोपीच्या घरात परवान्याचे हत्यार आहे का, हा पहिला प्रश्न विचारला जावा. साक्षीदार घाबरून फिरल्यावर नव्हे, आधी! आणि ज्यांचे वनहक्क दावे मंजूर झाले आहेत त्यांच्या पीकरक्षणाच्या अर्जांवर वेळेत निर्णय व्हावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेला कायदा वापरला गेला तरी पुरे.

बंदुकीचे आणि कायद्याचे इथेच वेगळेपण आहे. बंदूक न वापरता विकली तर तिला चांगला भाव येतो. कायदा न वापरता ठेवला तर तो गंजतो, आणि त्याची किंमत आपल्या माणसांना रक्ताने मोजावी लागते. १९८९ चा कायदा आणि १९९५ चे नियम ही बाबासाहेबांच्या घटनेतून आलेली आपली हत्यारे आहेत. त्यांना परवाना लागत नाही, काडतुसांची मर्यादा नाही, निवडणुकीत ती जमा करावी लागत नाहीत. ती आपल्या कोयत्यासारखी वापरून वापरून झिजवली पाहिजेत. जव्हार-मोखाड्याच्या कार्यकर्त्यांनी पहिला अर्ज या आठवड्यातच टाकावा, एवढीच विनंती. जयभीम!